पेट्रोलचा कर टक्क्यात नको, रुपयात हवा

२१ मे २०२२ रोजी संध्याकाळी केंद्र सरकारने पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क लिटरमागे ८ रुपयांनी आणि डिझेलवरचे ६ रुपयांनी कमी केले. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र सरकारनेही व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा राज्याचा कर, घटवल्याचे जाहीर केले: पेट्रोलवर २ रुपये ८ पैसे, डिझेलवर १ रुपया ४४ पैसे. आकडे असे सुटे, पैशांपर्यंत का, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. त्या काळात मुंबई परिसरात पेट्रोलवर २६ टक्के आणि डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता. ८ चे २६ टक्के करा, २.०८ येतात. ६ चे २४ टक्के करा, १.४४ येतात. म्हणजे राज्याने आपला दर एका टक्क्यानेही खाली आणला नव्हता. केंद्राच्या करावर बसणारा राज्याचा कर केंद्राचा कर उतरल्याबरोबर आपसूक उतरला आणि त्यालाच कपातीचे नाव मिळाले.

ही चलाखी एका सरकारपुरती किंवा एका पक्षापुरती नाही. कराची रचनाच अशी आहे, की कोणालाही ती करता यावी. पेट्रोल महाग झाले की चर्चा ‘कर किती’ यावर अडते. कर किती हा प्रश्न आहेच; पण तो कसा मोजला जातो, कोणत्या दिशेला हलतो आणि गाडी चालवणाऱ्याला तो दिसतो का, हे प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत.

आधी हिशेब मांडू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरतो. तेल कंपनी पंपचालकाला वाहतुकीसह लिटरमागे ५५ रुपये दर लावते, असे समजा. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे धरू. ८ एप्रिल २०२५ च्या २ रुपयांच्या वाढीनंतरचा हा आकडा आहे. पंपचालकाचे कमिशन ४ रुपये धरू. बेरीज झाली ८० रुपये ९० पैसे. आता महाराष्ट्राचा व्हॅट येतो आणि तो या संपूर्ण बेरजेवर येतो: २५ टक्के, म्हणजे २० रुपये २३ पैसे. त्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैशांचा ठोक अतिरिक्त कर. पंपावरचा दर झाला १०६ रुपये २५ पैसे. यातला कर ४७ रुपये २५ पैसे, म्हणजे साधारण ४४ टक्के.

बेरजेत केंद्राचा करही आहे, हे लक्षात घ्या. २१.९० चे २५ टक्के म्हणजे सुमारे ५ रुपये ४७ पैसे हा निव्वळ करावरचा कर आहे. पंपचालकाच्या ४ रुपयांवरही १ रुपया व्हॅट आहे. आणि वाहतुकीवरही आहे. परभणीत पेट्रोल राज्यातल्या सर्वांत महागड्या दरांपैकी एका दराने विकले जाते, ते तिथे मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने आणावे लागते म्हणून. अंतर जास्त, भाडे जास्त, इथपर्यंत ठीक. पण त्या भाड्याच्या प्रत्येक रुपयावर राज्य २५ पैसे घेते. डेपोपासून दूर राहण्याचा दंड परभणीकर असा दोनदा भरतो.

आता आंतरराष्ट्रीय बाजार भडकला आणि कंपनीचा दर ५५ चा ७५ झाला, असे धरा. केंद्राचे २१.९० तसेच राहतात, कारण ते लिटरमागे ठोक आहेत. बेरीज होते १००.९०, व्हॅट होतो २५.२३. पंपावरचा दर १३१ रुपये २५ पैसे. तेल २० रुपयांनी महागले, ग्राहकाला मात्र २५ रुपये जास्त पडले. राज्याच्या तिजोरीत लिटरमागे ५ रुपये वाढीव आले आणि त्यासाठी विधिमंडळात ना ठराव झाला, ना चर्चा. कच्च्या तेलाच्या भाषेत सांगायचे तर एका पिंपात १५९ लिटर असतात. डॉलर ८५ रुपये धरला, तर पिंपामागे १० डॉलरची वाढ म्हणजे लिटरमागे सुमारे ५ रुपये ३५ पैसे. त्यावर राज्याला बसल्या जागी १ रुपया ३४ पैसे मिळतात. तेल महागल्याची झळ ज्या दिवशी सर्वांत जास्त असते, त्याच दिवशी हा कर सर्वांत जास्त असतो.

काही राज्यांनी यावर आणखी एक पाचर मारली आहे. उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०२१ नंतरचा पेट्रोलचा दर ‘१९.३६ टक्के किंवा लिटरमागे १४ रुपये ८५ पैसे, यांपैकी जे जास्त असेल ते’ असा आहे. भाव चढले की टक्का लागू, भाव पडले की ठोक रक्कम लागू. छापा पडला तर सरकारचा, काटा पडला तरी सरकारचाच.

केंद्राचा कर टक्क्यात नाही, म्हणून केंद्र निर्दोष ठरत नाही. तिथे खेळ वेगळा आहे. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. बाजार चढेल तेव्हा जास्त द्या, उतरेल तेव्हा कमी द्या, असा तो करार होता. प्रत्यक्षात उतरण्याची वेळ आली, तेव्हा मधली जागा शुल्काने भरून काढली. २०१३-१४ मध्ये भारतीय खरेदीच्या कच्च्या तेलाची सरासरी पिंपामागे सुमारे १०५ डॉलर होती, २०१५-१६ मध्ये ती ४६ च्या आसपास आली. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढले: पेट्रोलवर एकूण सुमारे १२ रुपये, डिझेलवर साडेतेरा रुपयांच्या आसपास. एप्रिल २०१४ मध्ये पेट्रोलवर ९ रुपये ४८ पैसे असलेले शुल्क २१ रुपये ४८ पैशांवर गेले.

२०२० मध्ये हेच पुन्हा, अधिक जोरात घडले. मार्चमध्ये ३ रुपये, मेमध्ये पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये. पेट्रोलवरचे शुल्क ३२ रुपये ९८ पैसे झाले. या वाढीसाठी लागणारी कायदेशीर मर्यादा २३ मार्च २०२० रोजी वित्त विधेयकातल्या दुरुस्तीने उचलून ठेवली होती. कोरोनामुळे अधिवेशन गुंडाळताना ते विधेयक चर्चेविना मंजूर झाले. पंपावरचा दर मेमध्ये हलला नाही, कारण कच्चे तेल एप्रिलमध्ये सरासरी २० डॉलरच्या खाली गेले होते आणि ती सगळी घसरण शुल्काने गिळली. त्यामुळे कोणी ओरडलेही नाही. कच्चे तेल पुन्हा चढू लागले, ७ जूनपासून दर रोज वाढू लागले, तेव्हा शुल्क मात्र वरच्याच पायरीवर होते. २०१४-१५ मध्ये केंद्राला पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून सुमारे ९९ हजार कोटी रुपये मिळाले होते. २०२०-२१ मध्ये, निम्मा देश घरात बसलेला असताना, ही रक्कम ३ लाख ७३ हजार कोटींच्या आसपास गेली.

जुन्या तेल रोख्यांची परतफेड हे त्या वेळी दिलेले एक कारण. रोखे होते, हे खरे. २००५ ते २०१० या काळात तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी कागद दिले गेले, ही चूकच होती. पण त्यांचे व्याज वर्षाला १० हजार कोटींच्या घरात होते. पावणेचार लाख कोटींच्या वसुलीपुढे हे कारण टिकत नाही.

आणि दररोज सकाळी ६ वाजता बदलणारे दर? १६ जून २०१७ पासून देशभर ती पद्धत लागू आहे. पण ४ नोव्हेंबर २०२१ ते २१ मार्च २०२२ या साडेचार महिन्यांत दर हलले नाहीत. मधे उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. निकाल लागले आणि २२ मार्च ते ६ एप्रिल या सोळा दिवसांत बहुतेक वेळा ८०-८० पैशांच्या हप्त्यांनी १० रुपये वाढले. बाजाराने ठरवलेला भाव निवडणुकीचे वेळापत्रक पाहून थांबत नाही.

राज्यांची तक्रार असते की केंद्र आम्हाला वाटा देत नाही. या तक्रारीत तथ्य आहे आणि ते आकड्यात दाखवता येते. एप्रिल २०२५ च्या त्या २१.९० मध्ये मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे होते. १३ रुपये विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क, ५ रुपये रस्ते व पायाभूत सुविधा उपकर, २ रुपये ५० पैसे कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर. राज्यांना वाटून द्यायचा असतो तो केवळ मूळ शुल्काचा भाग. उपकर आणि अधिभार पूर्णपणे केंद्राचे. केंद्राचे कर राज्यांत कसे वाटायचे हे सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) सूत्रानुसार १.४० चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे सर्व राज्यांचे मिळून, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. लिटरमागे चार पैसेही होत नाहीत. ही रचना योगायोगाने आलेली नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पात एकूण शुल्क १९.४८ वर तसेच ठेवून मूळ शुल्क ६.४८ वरून ४.४८ वर आणले आणि उपकर ६ वरून ८ रुपये केला. ग्राहकाला एका पैशाचाही फरक जाणवला नाही, राज्यांचे मात्र गेले. उपकराचा पैसा रस्त्यांच्या कामांतून राज्यात परत येतो असे केंद्र म्हणेल, पण तो कुठे, कधी आणि किती, हे मग दिल्लीत ठरते.

मग राज्य काय करते? तेच, लहान प्रमाणावर. महाराष्ट्राच्या त्या ठोक अतिरिक्त कराचा इतिहास वाचण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळ निवारणासाठी लिटरमागे २ रुपये वाढले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकाने बंद झाली आणि बुडालेला महसूल भरून काढायला पेट्रोलवर ३ रुपये आले. दारू न पिणाऱ्या स्कूटरवाल्याने दारूच्या दुकानांची तूट का भरायची, याचे उत्तर कोणी दिले नाही. मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात पर्यावरणाच्या नावाने १ रुपया आणि जून २०२० मध्ये टाळेबंदीतली तूट म्हणून आणखी २ रुपये. मधे काही कपातीही झाल्या, जुलै २०२२ मधली ५ रुपयांची सर्वांत मोठी. त्या सगळ्यातून उरले ५ रुपये १२ पैसे. यातले किती दुष्काळाचे, किती पर्यावरणाचे, आणि ते १२ पैसे नेमके कशाचे, हे आता कोणत्याही कागदावरून उलगडत नाही.

यावर लगेच सुचवला जाणारा उपाय म्हणजे जीएसटी. राज्यघटनेच्या कलम २७९-अ मध्ये पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन यांवर जीएसटी कधीपासून लावायचा, ते जीएसटी परिषदेने सुचवावे अशी तरतूदच आहे. दार बंद नाही, फक्त कोणी उघडत नाही. १७ सप्टेंबर २०२१ च्या लखनौच्या बैठकीत केरळ उच्च न्यायालयाच्या सूचनेमुळे विषय निघाला आणि ‘ही वेळ योग्य नाही’ म्हणून बाजूला पडला. कारण हिशेबात आहे. आपल्या उदाहरणात कंपनीचा दर आणि कमिशन मिळून ५९ रुपये. त्यावर सर्वांत वरचा ४० टक्क्यांचा दर लावला, तरी कर होतो २३ रुपये ६० पैसे. उदाहरणातल्या ४७.२५ च्या जवळपास निम्मा. शिवाय मालवाहतूक कंपन्या डिझेलवरच्या कराची वजावट मागतील, म्हणजे हातात येणारी रक्कम आणखी कमी. जीएसटीनंतर राज्यांकडे स्वतःचे असे मोठे कर उरले किती? इंधन, दारू, मुद्रांक, वाहन आणि वीज. यातला पहिला कोणतेही राज्य सोडणार नाही, मग सरकार कोणाचेही असो. आणि आलाच जीएसटी, तर त्याच्या डोक्यावर वेगळा अधिभार बसेल आणि आपण फिरून तिथेच येऊ. दर निवडणुकीला जीएसटीची मागणी करणारे विरोधक सत्तेत आले की गप्प होतात, ते यामुळेच.

म्हणून मागणी वेगळी आणि होण्यासारखी हवी. महाराष्ट्राने पेट्रोलवरचा २५ टक्के अधिक ५.१२ हा प्रकार रद्द करून लिटरमागे ठोक रक्कम ठरवावी. वरच्या उदाहरणातल्या भावाला ती साधारण २५ रुपये येते. पहिल्या दिवशी पंपावरच्या दरात काहीच फरक पडणार नाही आणि तिजोरीतही खड्डा पडणार नाही. फरक पडेल तो तेल भडकेल तेव्हा. ५५ चे ७५ झाले, तर ग्राहकाला २० च रुपये जास्त पडतील. परभणीच्या वाहतूक भाड्यावरचा कर संपेल. केंद्राने ८ रुपये कमी केले, तर ग्राहकाला नेमके ८ मिळतील आणि राज्याला आपली कपात जाहीर करायची असेल, तर ती खरोखर करावी लागेल.

राज्याला यात तोटा आहे, असे वाटेल. पण २०२० आठवा. कंपनीचा दर ५५ ऐवजी ३५ झाला, तर आजच्या पद्धतीत राज्याचे लिटरमागे ५ रुपये जातात, आणि तेही जेव्हा विक्रीही घटलेली असते तेव्हा. जून २०२० मधली २ रुपयांची घाई त्यातूनच आली होती. ठोक रक्कम राज्यालाही पडत्या भावापासून वाचवते. महागाईने ती रक्कम झिजेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय, वर्षातून एकदा अर्थसंकल्पात ती वाढवा. पण सभागृहात, आकडा सांगून, मतदानाने. केरळने जून २०१८ मध्ये भाववाढीतून मिळणाऱ्या जादा कराचा एक भाग सोडून दर १ रुपयाने खाली आणला होता. असे करता येते, त्याने राज्य बुडत नाही.

पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही हेच सोयीचे आहे. इंधनावर जड कर हवा, हे त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पेट्रोल स्वस्त करून वाहतुकीचा प्रश्न सुटत नाही. पण धूर लिटरमागे निघतो, किमतीमागे निघत नाही. ७५ रुपयांच्या दराचे पेट्रोल ५५ च्या दराच्या पेट्रोलपेक्षा जास्त धूर सोडत नाही, तर त्यावर पाच रुपये जास्त कर कशासाठी?

लिटरमागच्या करातही एक बारीक गोष्ट सुटते. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल देशभर आले. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्के आणि चारचाकींचे ६ ते ७ टक्के घटेल, असे म्हटले होते. रोज ३० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, ४५ च्या मायलेजची दुचाकी: १६.७ लिटर पेट्रोल, त्यातला कर सुमारे ७८७ रुपये. मायलेज ४ टक्क्यांनी घटले, तर १७.४ लिटर, कर सुमारे ८२० रुपये. गाडी तेवढीच फिरली, कर ३३ रुपये जास्त. कोणत्याही सरकारने जाहीर न केलेली ही करवाढ आहे. मिश्रणाचे प्रमाण वाढवताना शुल्क त्या हिशेबाने उतरवणे एवढे तरी केंद्राला करता येईल.

केंद्राकडून मागायची मोठी गोष्ट म्हणजे शुल्काचा पट्टा आधी जाहीर करणे. कच्च्या तेलाची तीन महिन्यांची सरासरी अमुक ते अमुक डॉलरच्या दरम्यान असेपर्यंत शुल्क इतके. त्यावर दर १० डॉलरला इतके रुपये कमी. त्याखाली गेले, तर इतकेच रुपये जास्त, उरलेले ग्राहकाला. आकडे काय असावेत, यावर भांडता येईल. पण सूत्र राजपत्रात छापलेले असेल, तर पाडवा-दिवाळीच्या आदल्या रात्रीची भेट आणि निवडणुकीनंतरचे ८० पैसे, दोन्हीचे मोल जाते.

अचानक कपातीचा फटका पंपचालकालाही बसतो, हे सहसा लक्षात येत नाही. तो शुल्क भरलेला माल आगाऊ पैसे देऊन उचलतो. १२ हजार लिटरचा टँकर शनिवारी संध्याकाळी रिकामा करून घेतला आणि रात्री शुल्क ८ रुपयांनी उतरले, तर सकाळी त्याचे ९६ हजार रुपये जमिनीखालच्या टाकीत बुडालेले असतात, व्हॅट वेगळा. ३१ मे २०२२ रोजी अनेक राज्यांतल्या पंपचालकांनी एक दिवस खरेदी बंद ठेवली, त्यामागे थकलेल्या कमिशनवाढीबरोबर हाही राग होता. त्यानंतरच्या काळात कपातीची कुणकुण लागली, की टाकी जेमतेम भरून ठेवायची सवय लागते, आणि मग ‘पेट्रोल नाही’ची पाटी लागते.

राहिली पावती. वीजबिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क वेगवेगळ्या ओळींत छापलेले असतात. लोक ते वाचतात, त्यावर भांडतात. पंपावरच्या पावतीवर नोझलचा क्रमांक, लिटर, दर आणि रक्कम येते, कर येत नाही. दर सकाळी ६ ला यंत्रात आपोआप बदलतात, म्हणजे विभागणीही त्याच मार्गाने पाठवता येईल. नवी यंत्रे लागणार नाहीत. चार ओळी पुरेत: कंपनीचा दर, केंद्राचा कर, राज्याचा कर, पंपचालकाचे कमिशन. शंभर रुपयांचे पेट्रोल टाकणाऱ्यालाही त्या छापून द्याव्यात, मागितल्या नाहीत तरी.